'घर माझं, पाहुणा माझा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या पेडण्यातल्या (गोवा) गावच्या ग्रुपवर, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांच्या परवान्यावर एक मेसेज सारखा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "घर माझं, पाहुणा माझा, मग परवाना कसला? हा नवीन जाच आहे. जीएसटी भरतोच, वर फी म्हणजे नुसता गल्ला भरणं. न्यूयॉर्कने असले नियम करून पाहिले, तिथली घरभाडी उतरली का? मरणार तो गरीब घरवालाच."

'नवीन' पासूनच सुरू करू. पैसे घेऊन पर्यटकाला खोली द्यायची तर पर्यटन खात्याकडे नोंदणी हवी, हा गोव्याचा कायदा 1982चा. घरं रोजावर मिळवून देणारी एअरबीएनबी ही अ‍ॅपवाली कंपनी जन्माला आली 2008मध्ये. कायदा होताच, आपण तो मनावर घेतला नव्हता.

'पाहुणा माझा'? पाहुण्याकडून आपण रात्रीचे पैसे मोजून घेत नाही. शिवाय तो एकट्या मालकाचा राहत नाही. आमच्या शेजारचा बंगला असाच रोजावर जातो, मालक असतो गुरुग्रामला. रात्री दोन वाजता आमच्या दारात चार बॅगा आणि "आंटी, चाबी?" किल्ली गेटजवळच्या तुळशीमागच्या कुंडीखाली असते, हे आता आईला पाठ झालंय. गेल्या पावसात त्यांच्या सेप्टिक टँकचं पाणी आमच्या विहिरीच्या अंगाला उतरलं, तेव्हा सांगायचं कुणाला? जो नंबर मिळाला तो कॉल सेंटरचा, तिथली मुलगी बुकिंग आयडी मागत बसली. नोंदणी असती तर निदान जबाबदार माणसाचं नाव हाती आलं असतं. परदेशी माणूस उतरला तर 24 तासांत सरकारला कळवावं लागतं. ते कोण कळवणार, कुंडी?

आता जीएसटी. अ‍ॅपवरून बुकिंग झालं आणि मालकाची जीएसटी नोंदणी नसली, तर तो कर अ‍ॅपवाली कंपनी भरते, म्हणजे पर्यायाने पाहुणा. निम्मा केंद्राला, निम्मा राज्याला. कचऱ्याचा टेम्पो मात्र पंचायतीचा, आणि शनिवार-रविवारी त्या बंगल्यातून निघणाऱ्या बाटल्याही त्यातच जातात. फी आणि कर यांतली रेघ सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात ओढली: फी घ्यायची ती काहीतरी देऊन. परवाना फीच्या बाबतीत न्यायालयांनी पुढे दोरी जरा सैल सोडली, हे खरं. म्हणून फी कुठे खर्च झाली हे ग्रामसभेत उठून विचारावं. मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा ते अवघड आहे, कारण समोर सरपंच ओळखीचा असतो.

न्यूयॉर्कचं उदाहरण अर्धं सांगितलंय. भाडी उतरली नाहीत, मान्य. पण तिथे 5 सप्टेंबर 2023 पासून जे लागू झालं ते नुसतं फी भरण्याचं प्रकरण नाही. 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर यजमानाने त्याच घरात हजर राहायचं, पाहुणे जास्तीत जास्त दोन, आणि नोंदणी नसेल तर अ‍ॅपने बुकिंगच घ्यायचं नाही. नोंदणीची फी 145 डॉलर. इतका कडक नियम आपल्याकडे कुणी मागितलेला नाही. लंडनमध्ये वर्षाला 90 रात्रींची मर्यादा आहे. मेसेजवाल्याला तेही सापडलं असतं.

राहिला गरीब घरवाला. इथे मात्र मेसेज खोटा नाही, माझा अनुभव त्याच्याच बाजूचा आहे. मावशीला मागच्या दोन खोल्या द्यायच्या होत्या. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर अजून पणजोबा, घरपट्टी आजोबांच्या नावावर, ना-हरकतीसाठी सह्या हव्यात त्या डोंबिवलीतल्या तीन चुलतभावांच्या. एका कार्यालयात तिला पाच हेलपाटे झाले, पाचव्या वेळी साहेब रजेवर. गुरुग्रामवाल्याकडे याच कामाला एजंट असतो. म्हणजे जाच फीचा कमी आणि कागदांचा जास्त. स्कॉटलंडने 2022च्या परवाना-आदेशात राहतं घर वाटून देणारा आणि दुसरं घर धंद्याला लावणारा हे वेगळे प्रकार मानले. आपल्याकडेही राहत्या घरातल्या दोन खोल्यांना नाममात्र फी आणि एकच अर्ज, मालक राहतच नाही अशा बंगल्याला भरभक्कम फी आणि गावातल्या माणसाचा फोन नंबर गेटवर, असं मागता येईल.

मावशीच्या दोन सह्या आल्यात. तिसरा चुलतभाऊ म्हणतो, चतुर्थीला येईन तेव्हा बघू. ग्रुपवर तो मेसेज पहिल्यांदा टाकणारा तोच.