‘साडेबारा सांगून सव्वाअठरा घेतले’: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

साइटवर साडेपाच महिने ताई म्हणत होतो. आता एक तारा दिलात म्हणून एकदम ‘मॅडम’ म्हणणं मला जमणार नाही.

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही दुरुस्तीला घेतलेलं घर म्हणजे नाशिकमधलं १९८८ सालचं रो-हाऊस, ओळीच्या मधलं, तळमजला आणि वर एक मजला. तुमचं म्हणणं असं: साडेबारा लाख सांगून सव्वाअठरा घेतले, तीन महिन्यांचं काम साडेपाच महिने चाललं, हॉल आणि किचनमधली भिंत पाडून दिली नाही, पाइप भिंतीत लपवले नाहीत, शेजारच्या आजींच्या भिंतीला भेग पाडली, आणि वर फोनही उचलले नाहीत. घर कुठल्या भागातलं, कोणाचं, हे मी इथे लिहिणार नाही.

पैशांबद्दल तुम्ही बऱ्याच अंशी बरोबर आहात. आजींची भेग आणि फोन याबद्दल पूर्ण बरोबर आहात. भिंतीबद्दल मात्र उद्या परत तेच घर हातात आलं, तरी मी तेच करीन.

आधी भिंतच घेतो. तुम्हाला हॉलपासून किचनपर्यंत सलग मोकळी जागा हवी होती. फ्लॅटमध्ये हे बऱ्याचदा सहज होतं, कारण तिथे वजन कॉलम-बीम घेतात आणि मधली भिंत म्हणजे नुसता पडदा असतो. तुमच्या घरात एकही कॉलम नाही. त्या अख्ख्या ओळीतले स्लॅब विटांच्या भिंतींवर टेकलेले आहेत. पहिल्याच दिवशी टेप लावला तेव्हा ती भिंत प्लास्टरसकट दहा इंच भरली, म्हणजे आत नऊ इंची वीटकाम. साडेचार इंची असती तर मी दुपारपर्यंत पाडून दिली असती. या नऊ इंचीवर पहिल्या मजल्याचा स्लॅब, त्यावर बेडरूमची भिंत, तिच्यावर गच्चीचा स्लॅब, आणि गच्चीवर काय निघालं ते पुढे येतंच आहे.

‘ओळीतल्या एकांनी पाडली, त्यांना काही झालं नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. मी ते घर पाहून आलो होतो, तुमच्याच सांगण्यावरून. वरच्या बेडरूमचं दार बारा महिने चौकटीला घासतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आहे. तिच्यात दर दिवाळीला पुट्टी भरली जाते. याला मी ‘काही झालं नाही’ म्हणत नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअरनी दहा फुटांऐवजी पाच फुटांचं ओपनिंग दिलं. वरचा स्लॅब टेकूंवर घेतला, दोन आठ इंची गर्डर शेजारी शेजारी टाकले, त्यांच्या टोकांखाली काँक्रीटचे ब्लॉक ओतले आणि ते पुरते कडक झाल्यावरच खालच्या विटा काढल्या. टेकू हॉलमध्ये तीन आठवडे उभे होते. त्या तीन आठवड्यांत तुम्ही मला ‘हे खांब कधी जाणार’ असं रोज विचारत होतात आणि मी रोज ‘उद्या’ म्हणत होतो. ते ‘उद्या’ चुकीचं होतं. तारीख सांगायला हवी होती.

पाइपांचंही तसंच. तुमच्या बाथरूमची लांब बाजू म्हणजे आजींच्या घराची सामाईक भिंत. त्या एकाच भिंतीवर दोन्ही घरांचे स्लॅब टेकलेत. वीटकामाच्या भारतीय मानकात, आयएस १९०५ मध्ये, उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा, असं आहे. नऊ इंची भिंतीत आडवी खाच दीड इंच खोल. त्यात प्लास्टरखाली गरम आणि गार पाण्याच्या लाइनी, डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा), एल्बो (पाइपांचे वळणाचे जोड) हे सगळं बसत नाही. बसवणारे बसवतात, कटर फिरवला की कुठेही खाच पडते. आम्ही कोपऱ्यातून डक्ट, म्हणजे पाइप झाकणारी उभी पेटी, काढला आणि त्यावर टाइल लावली. चार इंच जागा गेली, हे कबूल.

मागची धुण्याची जागा पत्र्याने झाकायलाही मी नको म्हणालो, आणि तेही तुम्ही ‘साधी गोष्ट’ म्हणून लिहिलंय. मधल्या रो-हाऊसला दोन्ही बाजूंना भिंती, उजेड-वारा फक्त पुढून आणि मागून. मागचं झाकलं की किचनमध्ये दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. शिवाय मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडलेल्या जागेत, पक्कं छप्पर टाकायला महापालिकेची परवानगी लागते. त्याऐवजी जिन्यावर काचेचा झरोका दिला. तो तुम्हाला आवडला, असं तुम्हीच सासूबाईंना सांगताना मी ऐकलंय.

आता पैसे. कोटेशन १२,५०,००० चं होतं. जादा काम निघालं ३,००,००० चं. एकूण १५,५०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,७९,०००. बिल झालं १८,२९,०००. जीएसटी वेगळा, हे कोटेशनवर होतं, पण तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. कायद्याने मी बरोबर असेन. समोर बसून आकडा सांगताना मी ‘साडेबारा’ म्हणालो, ‘साडेबारा आणि वर कर’ म्हणालो नाही. कानात साडेबाराच राहणार.

तीन लाखांपैकी ८०,००० गर्डर आणि ओपनिंगचे. ते काम तुम्ही मागितलेलं होतं आणि त्याचा आकडा आधी कळवला होता. ८५,००० नळ आणि ड्रेनेजचे. जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप कापले तेव्हा अर्ध्या इंचाच्या पाइपात गंज साठून पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. त्यावर नवे शॉवर लावून काय उपयोग होता? ३५ वर्षांहून जुन्या घरात हे निघणार, हे आमच्या धंद्यातला पोऱ्यासुद्धा सांगेल. म्हणजे ते कोटेशनमध्ये पहिल्यापासून असायला हवं होतं.

उरलेले १,३५,००० गच्चीचे, आणि ते मला खरे टोचतात. तुमची गच्ची गळत होती. आम्ही वरून केमिकल कोटिंग धरलं होतं. उकरायला घेतलं तर कोब्याखाली, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून स्लॅबवर घालतात त्या जाड थराखाली, आणखी एक कोबा! पहिला बिल्डरचा. दुसरा तुमच्या सासऱ्यांनी गळती थांबावी म्हणून त्यावरच घातलेला, जसं त्या काळी घरोघरी करत. चार इंच कोबा म्हणजे दर चौरस फुटाला साधारण १८ किलो. तुमची गच्ची ४५० चौरस फूट. एकेक थर आठ टनांच्या आसपास. डझनभर मारुती ८०० गच्चीवर उभ्या करून वर परत तेवढ्याच रचल्यासारखं. आणि गळती थांबलीच नव्हती. पाणी दोन थरांच्या मध्ये मुरत होतं, खाली स्लॅबच्या सळया गंजून फुगल्या होत्या, काँक्रीटचे पापुद्रे हाताने निघत होते.

दोन्ही थर काढले, सळया घासल्या, गंजरोधक लावला, पॉलिमर मॉर्टरने स्लॅब भरला, एकच नवा कोबा घातला आणि सात दिवस पाणी कोंडून पाहिलं. काम आवश्यक होतं, याबद्दल तुमचीही तक्रार नाही. तक्रार ही आहे की हे आधी का नाही सांगितलं. ताई, सांगता आलं असतं. तुमच्या गच्चीची पॅरापेट, म्हणजे कठड्याची भिंत, कमरेपर्यंत येण्याऐवजी मांडीपर्यंत येत होती. भिंत बुटकी झालेली नसते, जमीन वर आलेली असते. पहिल्या भेटीत मी त्याच पॅरापेटवर चहाचा कप ठेवून तुमच्या मिस्टरांशी अर्धा तास बोललो आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. बावीस वर्षं हे काम करतोय.

म्हणून गच्चीच्या जादा कामावर आम्ही लावलेली आमची मजुरी, ३२,००० आणि त्यावरचा कर, परत करतोय. माल आणि राडारोड्याचा खर्च परत करणं मला परवडणार नाही, खोटं कशाला बोलू.

उशिराबद्दल फार लिहीत नाही. गच्चीने २४ दिवस खाल्ले. ओल्या प्लास्टरवर रंग चढवायचा नाही, हे मी धरून बसलो, त्यात तीन आठवडे गेले. मे महिन्यात टाइलवाले गावी लग्नांना गेले ते दहा दिवस फिरकले नाहीत, आणि कुंभमेळ्याच्या कामांमुळे शहरात दुसरे गवंडी मिळेनात. पण लग्नं दर मे महिन्यात असतात आणि कुंभमेळा दर बारा वर्षांनी ठरलेला असतो. अक्षय्य तृतीयेचा शब्द मी दिला होता. तुमचे पाहुणे भर पावसात, आषाढात आले. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आजींच्या भिंतीची भेग आमच्याच ब्रेकरने (फोडायच्या मशीनने) पडली. सुरुवातीला मी ‘जुनी असेल’ म्हणालो, कारण काम सुरू करण्याआधी त्यांच्या घराचे फोटो आम्ही काढलेच नव्हते. फोटो नाहीत म्हटल्यावर शंकेचा फायदा आजींना मिळायला हवा होता, मला नाही. त्यांच्या खोलीच्या दुरुस्तीचे आणि रंगाचे ११,५०० तुम्ही भरलेत, ते याच आठवड्यात तुमच्या खात्यावर येतील. आजींना मी स्वतः भेटून आलो. त्यांनी चहा दिला आणि भरपूर सुनावलंही. आता कुठल्याही रो-हाऊसचं काम घेताना आधी दोन्ही शेजाऱ्यांकडे जाऊन, त्यांच्यासमोर, भिंतींचे फोटो काढतो.

जूनमध्ये मी तुमचे फोन उचलत नव्हतो. कारण सांगायला तारीख नव्हती. हे कारण होऊ शकत नाही, एवढंच लिहितो.

नवीन चौकशी करणाऱ्यांसाठी एक बदल सांगून ठेवतो. तीस वर्षांहून जुन्या घराचं कोटेशन आम्ही आता न उकरता देत नाही. गच्चीत एक भोक, बाथरूममध्ये एक टाइल, एक पाइप कापून पाहायचा, स्विचबोर्ड उघडायचा, खिडकीच्या कोपऱ्यातल्या भेगा पाहायच्या. त्याला दोन दिवस लागतात आणि त्याचे पैसे आम्ही घेतो. काही लोक तेवढ्यावरूनच दुसरीकडे जातात. जाऊ देत.

ताई, एक काम अजून बाकी आहे. जिन्याजवळच्या तिरक्या भेगेवर आपण काचेची पट्टी चिकटवली होती, आठवतंय? तुमचं घर काळ्या मातीवर आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घराला हलवते. पट्टी तडकली तर भेग अजून जिवंत आहे, आणि नुसत्या पुट्टीने भागणार नाही. त्या भिंतीला तोवर वॉलपेपर लावू नका. दसऱ्यानंतर मी पाहायला येईन, पैसे नाहीत. मी नको असेन तर आमच्या इंजिनिअरना पाठवतो. पट्टीवर मार्करने तारीख लिहिलेली आहे, ती पुसली जाणार नाही एवढं मात्र पाहा.