वडिलांचा व्हेप आणि तुमचा राग

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सीओपीडी (श्वासनलिका आकसून दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) असलेल्या वडिलांची सिगारेट निकोटिनच्या गमने सुटली नाही, व्हेपने (ई-सिगारेटने) सुटली, खोकलाही कमी झाला, आणि 'फुप्फुसाचा आजार असेल तर व्हेपच्या वाटेला जाऊ नका' असं लिहून मी लोकांना परत सिगारेटकडे ढकलते आहे.

वडिलांनी सिगारेट सोडली, याचा मला मनापासून आनंद झाला. गेलेला दम परत येत नाही, पण धूर थांबला की पुढची घसरण मंदावते. म्हणून त्यांच्या हातातला व्हेप आजच हिसकावून घ्या, असं मी मुळीच सांगणार नाही.

व्हेपने सिगारेट सुटते, हेही खरं. ब्रिटनमधल्या एका चाचणीत (2019) वर्षभराने व्हेपवाल्यांपैकी 18 टक्के आणि निकोटिनची गम, कातडीवर चिकटवायचा पॅच असे उपाय वापरणाऱ्यांपैकी 9.9 टक्के लोक सिगारेटपासून लांब होते. पण सिगारेट सुटलेल्या व्हेपवाल्यांपैकी 80 टक्के लोक तेव्हाही व्हेप ओढतच होते. गम-पॅचने सुटलेल्यांपैकी ते चालूच असलेले जेमतेम 9 टक्के. मला काळजी आहे ती इथे. आधीच आकसलेल्या श्वासनलिकांत रोज तापलेलं ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि स्वादद्रव्यं जात राहणार, तीही वर्षानुवर्षं. तुम्ही दिलेला '95 टक्के कमी घातक' हा तज्ज्ञांचा अंदाज सिगारेटच्या तुलनेतला आहे, आणि तो सीओपीडीच्या रुग्णांवर मोजून काढलेला नाही. मी व्हेपची तुलना पॅचशी करते, कारण पॅचमधलं निकोटिन कातडीतून जातं, श्वासनलिकेत काहीच ओढावं लागत नाही.

गमबद्दल तुम्ही लिहिलंत, 'घसा जळजळला, उचक्या लागल्या, फेकून दिली.' बहुधा ती साध्या च्युइंगमसारखी सलग चघळली गेली. मग निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, त्रास होतो आणि तलफ तशीच राहते. दोन-चारदा सावकाश चावायची, तोंडात चुणचुणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चुणचुण ओसरली की पुन्हा चावायची. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय नको. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 2 नव्हे, 4 मिलिग्रॅमची गम लागते. शिवाय दिवसभराच्या आधाराला पॅच आणि अचानक येणाऱ्या तलफेला गम, अशी जोडी एकट्या कशापेक्षाही चांगली चालते. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्याही आहेत, डॉक्टरांना जरूर विचारा. व्हेप हळूहळू सोडवतानाही हेच उपाय कामी येतील.

वडील घरी ऑक्सिजन घेत असतील तर नळी नाकात असताना व्हेप अजिबात नको. चेहरा भाजण्याचा, आग लागण्याचा धोका असतो.

आणि श्वासनलिका मोकळ्या करणारी थिओफायलिनची गोळी चालू असेल तर हे लगेच करा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत हे औषध भराभर निकालात काढतं. धूर बंद झाला की तोच डोस जास्त होऊ शकतो: मळमळ, छातीत धडधड, झोप उडणं. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे, त्यामुळे व्हेप चालू असला तरी फरक पडतोच. सिगारेट कधी सुटली ते डॉक्टरांना फोन करून सांगा आणि डोस तपासून घ्या.