भाडेकरू काढायचाय? कोर्ट कशाला, चावीवाला बोलवा!

तर मालक, फ्लॅट तुमचा, ईएमआय तुमचा, दारावरची पाटीसुद्धा तुमची, आणि आतला माणूस अकरा महिने संपले तरी हलायला तयार नाही. कोर्टात जाताय? छे हो! धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात आजोबांनी लावलेली केस नातू चालवतो म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तारखांचा हा वैताग काही खोटा नाहीये. म्हणून आपण शॉर्टकट मारू.

तो ऑफिसला गेला की चावीवाला बोलवा, लॅच बदला, सामान जिन्यात. सोसायटीचा सीसीटीव्ही चालू आहे ना तेवढं बघून घ्या, पुढे त्याच्या वकिलाला फुटेज लागेल, आणि वॉचमनलाही शेजारी उभा करा म्हणजे साक्षीदार शोधायला बिचाऱ्याला वणवण नको. कारण 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमधलं कलम 6 म्हणतं की कायद्याचा रस्ता सोडून कुणाला बाहेर काढलं तर त्याने सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागावा, आणि तिथे मालक कोण हे कोर्ट बघतच नाही. तुमचं इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, फ्रेम करून नेलंत तरी काही उपयोग नाही. वर त्या निकालावर अपीलही नाही. सुप्रीम कोर्टाने तर 1989 मध्येच कृष्णराम महाळे केसमध्ये सांगून ठेवलंय की राहायचा हक्क संपलेल्या माणसालाही कायद्यानेच काढायचं, पण दिल्लीवाल्यांना तुमच्या बिल्डिंगचं काय कळतंय!

कुलूप जड वाटत असेल तर पाणी तोडा, फ्यूज काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 29, खास तुमच्यासाठीच लिहिलंय, त्यात पाणी-वीज तोडणाऱ्या मालकाच्या शिक्षेची सोयसुद्धा केलीय.

आता कुणी शहाणा सांगेल की काका, याच कायद्यात कलम 24 आहे, लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहायला देण्याच्या कराराची, मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, समोरच्याने 30 दिवसांत लढायची परवानगी मागितली नाही तर मामला लवकर आटोपतो आणि मुदतीनंतर तो राहील त्या दिवसांची दुप्पट फी पण मागता येते. अजिबात ऐकू नका त्याचं! त्यासाठी अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर असलेलं बरं ना, आणि तुम्ही तर स्टॅम्प ड्युटी वाचवायला ब्रोकरच्या टेबलावर साध्या नोटरीवर उरकलं होतं, अकरा महिन्यांचं असलं की रजिस्ट्रेशन नको म्हणून. महाराष्ट्रात याच कायद्याच्या कलम 55 मुळे ते कितीही महिन्यांचं असो, रजिस्टर करावंच लागतं, नाहीतर अटी काय ठरल्या होत्या याबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात आणि तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड मालकाला. चार-पाच हजार वाचवले होते, हिशोब बरोब्बर जुळला की नाही?

आणि हो, पोलीस चौकीत जाच. "सिव्हिल मॅटर आहे" एवढं ऐकून परत या.

एक राहिलंच. कुलूप लावल्याबरोबर नवीन भाडेकरूकडून टोकन घेऊन टाका, घर रिकामं ठेवून काय करायचंय? कोर्टाच्या ऑर्डरने जुना परत आत शिरेल त्याच दिवशी नव्याचा टेम्पो गेटवर येईल. त्याने टोकन परत मागितलं तर त्यालाही ठणकावून सांगा, जा कोर्टात!