आरवलीनंतर काय?

शिकवणारा कच्चा आहे, असं मला गेल्या शनिवारी भर डब्यात ऐकवण्यात आलं. ऐकवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर फणस बसला होता.

आमची चिमी पाच वर्षांची आहे आणि तिला रोह्यापासून मडुऱ्यापर्यंतची स्टेशनं ओळीने पाठ आहेत. रोहा, कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर... एकदा सुटली की श्वास घ्यायला फक्त खेड आणि रत्नागिरीला थांबते. हे मी शिकवलेलं आहे. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू झाली तेव्हा मी तिसरीत होतो, आणि ही यादी त्या वयापासून माझ्या जिभेवर आहे. वारसा म्हणून आमच्याकडे कलमांची बाग नाही, यादी आहे.

आता, मुलांचं प्रदर्शन मांडणारे आईबाप मला मुळीच आवडत नाहीत. आमच्या मेहुण्यांचा मुलगा अथर्वशीर्ष म्हणतो. पाहुण्यांचा चहा तोवर गार होतो, पण कपाला हात लावलेला मेहुण्यांना खपत नाही. मी तसा नाही. मी फक्त डबा जरा शांत झाला की सहज विचारतो, ‘चिमे, वीरच्या पुढे काय गं?’ पुढचं तिचं ती बघते.

शनिवारी चिपळूणला पॅसेंजरमध्ये बसलो, कुडाळला सासुरवाडीला जायला. कामथ्याला मी सहज विचारलं. चिमीने रोह्यापासून गाडी सोडली. समोरच्या बाईंनी ‘अगो बाई!’ म्हटलं, वडेवाला टोपली घेऊन थबकला, बायको खिडकीबाहेर बघू लागली. (ती अशा वेळी नेहमी बाहेरच बघते.) सगळं रीतसर चाललं होतं.

‘...सावर्डा, आरवली रोड, संगमेश्वर, उक्षी...’

‘थांब गो बाय.’

फणसापलीकडून आवाज आला. पांढरी टोपी, पायांशी गोणपाट, आणि मान अशी तिरकी, जणू सातबाऱ्यात कुणीतरी खाडाखोड केलेली सापडली आहे.

‘आरवलीनंतर काय?’

‘संगमेश्वर,’ चिमी म्हणाली.

‘परत सांग.’

‘संगमेश्वर.’

‘मधलं?’

चिमीने माझ्याकडे बघितलं. मी हसून म्हटलं, ‘आजोबा, मधे काही नाही. आरवली, मग संगमेश्वर.’

‘काय नाय?’ आजोबा वडेवाल्याकडे वळले. ‘ऐकलास? काय नाय म्हनतायत. मग मी उतरनार खय, वाऱ्यावर? कडवय! कडवय खय गेलं?’

मी समजुतीच्या सुरात म्हटलं की कडवई गाव आहे हे मला माहीत आहे, पण स्टेशन म्हणाल तर ते यादीत नाही.

‘कोनाच्या यादीत?’

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. माझ्या, असं म्हणायला जीभ रेटली नाही.

मग आजोबांनी माझी चौकशी आरंभली. गाव कुठलं, कुणाचे, इकडे कधीपासून. ‘मास्तर काय तुम्ही?’ नाही, बँकेत. ‘तरीच.’ तरीच काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी अजून शोधतो आहे. सावर्ड्याला गाडी क्रॉसिंगला थांबली, एकेरी मार्ग, समोरची जाईपर्यंत हलणार नव्हती, आणि तेवढ्या वेळात आजोबांनी सगळ्या डब्याला सांगितलं की स्टेशन व्हावं म्हणून गावाने किती खेपा घातल्या, अर्ज केले, म्हाताऱ्या माणसांनी आरवली नाहीतर संगमेश्वर गाठायला कशा रिक्षा केल्या. ‘आनि ह्ये म्हनतायत मधे काय नाय!’ दर तिसऱ्या वाक्याला हे पालुपद. समोरच्या बाई, ज्यांनी दहा मिनिटांपूर्वी ‘अगो बाई’ म्हटलं होतं, आता माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. वडेवाला तर खाली टेकलाच. वडे गार झाले तरी त्याला फिकीर नव्हती.

मला खरंच राग आला होता. आहे. पाच वर्षांचं पोर एवढी नावं बिनचूक म्हणतंय, तर माणसाने वाहवा म्हणावं, पुढे जावं. मी नाही म्हणत? मेहुण्यांच्या अथर्वशीर्षाला मी गार चहा पिऊन टाळ्या वाजवल्या आहेत. शेजारच्यांच्या मुलीचा कथक, कॅसिओवरचं राष्ट्रगीत, कराटेचा पिवळा पट्टा, सगळ्याला वाहवा म्हटलंय. ही उधारी असते. कधीतरी आपल्या पोराची पाळी आली की फेडून घ्यायची असते. आणि माझ्या वेळेला नेमका कडवईचा माणूस! शिवाय चुका काढायच्याच तर मोठ्या काढा ना. राजापूर रोड म्हणतात त्या स्टेशनावर उतरून राजापूर दिसतं का? तिथून पुढे पुन्हा गाडी करा, तेव्हा राजापूर. नावापुढे ‘रोड’ लागला की समजायचं, गाव लांब आहे. पण त्याबद्दल कुणी चिमीला अडवत नाही.

आरवली गेलं. गाडीचा वेग मंदावला. आजोबांनी फणस गोणपाटात घातला, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि खिडकीशी बसलेल्या चिमीला म्हणाले, ‘वाच गो बाय.’

चिमी नुकती अक्षरं लावायला शिकली आहे. काना-मात्रा आली की अडखळते. आणि फलकावर काय असावं? एक काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही.

‘क... ड... व...’ मग थोडं थांबून, ‘ई ईडलिंबाचा! कडवई! बाबा, कडवई!’

आख्खं स्टेशनचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचलं, आणि ते हे. बायको आता खिडकीबाहेर बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

दारातून उतरता उतरता आजोबांनी फणस खांद्यावर घेतला आणि मागे वळून डब्याला निकाल दिला, ‘पोर हुशार हाय हो. शिकवनारा कच्चा हाय.’

वडेवाला हसला. त्याच्याकडून मी तीन वडे घेतले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

संगमेश्वर, उक्षी. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आत अंधारात कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही, तरी त्या दिवशी तो मला फार आखूड वाटला. बाहेर आलो तर चिमी नव्याने यादी घोकत होती: आरवली रोड, कडवई, संगमेश्वर. ‘कडवई’ला जरा जास्त जोर देऊन.

रत्नागिरी गेलं, निवसर गेलं. विलवड्यानंतर मी राजापूर म्हणणार, तेवढ्यात खिडकीतून आणखी एक पिवळा फलक आला. सौंदळ. तिला औकार येत नाही, मी गप्प बसलो. पण बायकोने वाचून दाखवलं. चिमीने माझ्याकडे नुसतं बघितलं.

राजापूरनंतर खारेपाटण आलं. या वेळी तिने बघितलंही नाही. समोरच्या बाईंना विचारलं, ‘काकू, आता कुठलं?’

आचिर्णे आलं तेव्हा मला झोप लागली होती. म्हणजे, डोळे मिटलेले होते.