पद्मिनीचा पत्रा जाड असेल, पण जीव त्यानं वाचत नाही

"जुनी अँबेसिडर, जुनी फियाट म्हणजे अस्सल लोखंड. आजच्या कॉम्पॅक्ट गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. धडक झाली तरी जुनी गाडी दबत नाही, म्हणून आतला माणूस वाचतो. एअरबॅग ही कंपन्यांची लूट. जुनी गाडी उन्हात दगा देत नाही, कोणताही मिस्त्री दुरुस्त करतो, आणि व्हिंटेज नंबर घेतला की कटकट संपली."

असल्या मेसेजकडे मी एरवी बघतही नाही. पण धरमपेठेतल्या आमच्या भाच्यानं तो वाचून हॅचबॅकचं बुकिंग रद्द केलं आणि आता पद्मिनी, म्हणजे ती जुनी फियाटच, शोधून राहिला. दोन्ही लेकरांना घेऊन समृद्धीनं शिर्डीला जायचं म्हणतो. समृद्धीवर कारला १२०ची मर्यादा आहे, बाप्पा!

'दबत नाही म्हणून वाचतो' हे तर साफ उलटं आहे. धडकेत गाडी थांबते, आतला माणूस मात्र त्याच वेगानं पुढे जातो. तो वेग कुठेतरी जिरायला हवा. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळेल असंच बनवतात आणि माणसं बसतात तो सांगाडा मजबूत ठेवतात. नाक चुरगळलं नाही तर धक्का सरळ छातीत.

आणि जुनी गाडी दबत नाही, हेही खोटंच. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीनं २००९ मध्ये १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू ताशी ६४ किलोमीटरनं समोरासमोर आदळवल्या. व्हिडिओ आहे, बघून घ्या. बेल एअरची ड्रायव्हरची जागाच चेपली, स्टिअरिंग चाचणीसाठी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आलं. खरा माणूस असता तर जागीच गेला असता. मालिबूवाल्याच्या पायाला किरकोळ इजा. मालिबू कॉम्पॅक्ट नाही म्हणाल, तर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'एनकॅप'नं (गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणारी संस्था) १९९८ आणि २०१५च्या कोरोला तशाच आदळवल्या. १६ पैकी जुनीला ०.४० गुण, नवीला १२.९३.

'पत्र्याचे डबे' यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं तपासलेल्या अल्टो ८०० आणि नॅनोला शून्य स्टार मिळाले होते. पण त्याचा अर्थ स्टार बघून गाडी घ्या एवढाच. आता भारत एनकॅपचे निकालही बघायला मिळतात.

एअरबॅग लूट? ती पट्ट्याच्या जोडीनं काम करते; आधी पट्टा लावून बसा, मग बोलू.

उन्हाचं कोण लिहितो? नागपूरचा मे महिना त्यानं पाहिला नसावा. ४५ अंशात इंजिनाच्या फ्युएल पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन वर्धा रोडवर पद्मिनी उभी राहायची आणि लोक पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे. मिस्त्रीचं मात्र खरं आहे, पाना-स्क्रू ड्रायव्हरवर काम भागायचं. फक्त आता पार्ट शोधत फिरा.

राहिला व्हिंटेज नंबर. आपल्याच गडकरींच्या खात्याचा २०२१चा नियम आहे: गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, नोंदणीला २०,००० रुपये. एवढं करूनही ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच. आणि 'पद्मिनी' हे नावच मुळात १९७४ नंतरचं; भाच्याला मिळेल ती बहुधा पन्नाशीलाही पोचलेली नसेल.