कूलरचं स्टँड

गेल्या मंगळवारी तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात मी बुलेटच्या ऑईल कूलरचं ब्रॅकेट आणायला गेलो. मिस्त्रीनं माझ्यापुढे चार पायांचं, कंबरेइतकं उंच, एक इंची अँगलचं स्टँड उभं केलं. "रेडऑक्साईड ताजं हाये, हात नका लावू," म्हणाला. मी लावून बसलो होतो.

आता विदर्भात होळी झाली की कूलर म्हणजे पाण्याचा टप, पंप, गवताच्या ताट्या आणि रात्रभरची घरघर. दुसरा कूलर इथं कुणाला माहीत नसतो, हे मान्य. पण मी साचा दिला होता! जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून, भोकांच्या जागा पेनानं दाखवून. मिस्त्रीनं त्यावरचं लग्नाचं स्थळ वाचलं, मापं वाचली नाहीत.

बाकावर एक आबाजी डवऱ्याची पास, म्हणजे तण काढायच्या औताचं पातं, जोडून घ्यायला बसले होते. त्यांनी चौकशी हातात घेतली.

"बुलेटले कूलर?"

"हो, आबाजी."

"पानी कुठी टाकतं?"

"पाणी नाही, इंजिनचं तेल फिरतं त्यातून."

"तेल? ताट्याईनं पेट घेतला तं?"

"ताट्या नसतात त्याला. गाडी पळाली की वारा लागतो, तेल थंड होतं."

"वारा तं मलेबी लागते. मे महिन्यात मी कुठी थंडा होतो?"

हा प्रश्न चांगला होता, म्हणूनच मला राग आला. मी समजावलं, की हवा पंचेचाळीस, तुम्ही सदतीस, म्हणून वारा तुम्हाला तापवतो. तेल शंभराच्या वर, म्हणून तोच वारा त्याला थंड करतो. आबाजींनी पान थुंकलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं जाहीर केलं, "म्हंजे मी बुलेटपेक्षा थंडा हावो!" मिस्त्री, त्याचं पोट्टं आणि पंक्चरवाला तिघंही हसले. माझं ब्रॅकेट तसंच राहिलं.

मग उकिडवा बसून सगळं पुन्हा सांगितलं. पट्टी एमएसची, म्हणजे साध्या नरम पोलादाची, 25 बाय 3 मिलीमीटर. फ्रेमला वेल्डिंगचा टाका मारायचा नाही; टाक्याच्या कडेला नळी कमजोर होते आणि एका सिलिंडरच्या धक्क्यांनी तिथंच तडा जातो. इंजिनसमोरच्या उभ्या नळीला अर्धगोल क्लॅम्पच्या दोन जोड्या, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. नळीचा व्यास व्हर्नियरनं मोजायचा, बोटानं नाही. कूलर पट्टीवर थेट आवळला तर धक्के त्याच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या खातात आणि तेल पाझरायला लागतं. म्हणून मध्ये रबरी बुश, बुशमध्ये लोखंडी स्लीव्ह, रबरापेक्षा अर्धा मिलीमीटर तोकडी, दोन्हीकडून रुंद वायसर. म्हणजे बोल्ट स्लीव्हवर आवळला जातो, रबर चेपून मरत नाही. नट नायलॉकचाच, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, धक्क्यांनी सैल न होणारा.

"ट्रॅक्टरचं रबर चालते ना?" आबाजी.

ट्रॅक्टरचं चालत नाही. पण आमच्या बाजारात सहा मिलीमीटर बोल्टचा रबरी बुश मागितला की दुकानदार आधी ट्रॅक्टरचं दाखवतो, मग पाण्याच्या मोटारीचं, आणि शेवटी आपल्याकडेच असं बघतो की आपणच सुटा पार्ट आहोत.

त्यात भोकांची भानगड. मिस्त्रीनं ड्रिलला हातच लावला नाही. वेल्डिंगचा रॉड टेकवला, चर्रर्र केलं, भोक तयार. साडेसहा मिलीमीटरच्या जागी दहाचं, एका बाजूला ओघळ आलेलं. "भोक तं भोकच असते ना!" नसते, बाबा. जळलेली कड खडबडीत आणि कडक होते, धक्क्यात तडा तिथूनच सुरू होतो. त्यात वायसर सपाट बसत नाही. पट्टी घरी आणली, ती भोकं कापून टाकली, आधी चारचा आणि मग साडेसहाचा बीट घालून नवी पाडली, कडा कानशीनं मोडल्या. हेच करायचं होतं तर दुकानात पैसे कशाचे मोजले?

बसवताना पुढच्या चाकाचा फोर्क पट्ट्यानं पूर्ण दाबून घेतला. तेव्हाही मडगार्ड आणि कूलरमध्ये 30 मिलीमीटर जागा उरली पाहिजे. हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून पाईप ताणतो का, तेही पाहायचं. इंजिनच्या हेडच्या अगदी समोर आडवा ठोकला तर कूलर तेल थंड करतो आणि हेडचा वारा अडवतो. खाली लावला तर पुढचं चाक चिखल मारतं. आपली काळी माती एकदा फिन्समध्ये, म्हणजे कूलरच्या पातळ पात्यांमध्ये, वाळली की कूलरची वीट होते, तेव्हा पुढे बारीक जाळी हवीच. आणि खरं सांगायचं तर या सगळ्याआधी ठिणगीचं टायमिंग आणि कार्ब्युरेटर तपासा. जुन्या बुलेटचा अर्धा ताप तिथलाच असतो. पण ते आधी केलं तर ब्रॅकेट बनवायची हौस कशी फिटणार!

पैशाला आलो तेव्हा मिस्त्रीनं स्टँडचेही लावले. "लोखंड तं लागलं ना, भाऊ." दहा मिनिटं वाद घातला. शेवटी आबाजी मध्ये पडले. "तुले तं ते कामाचं नाही, अर्ध्यात मले दे." दिलं. काय करणार?

आबाजींनी पास राहू दिली, स्टँड डोक्यावर घेतलं. जाता जाता सल्ला दिला, "गाडीले गोनपाट ओलं करून बांध, उतरन ताप."

काल त्यांच्या घरावरून गेलो. स्टँड खिडकीखाली उभं, वर कूलर, आणि कूलरचं तोंड खिडकीच्या चौकटीशी सुताला सूत लागलेलं. माझ्या साच्यात तर उंचीच नव्हती.