जॅक मंडी युनियन सोडून गेलाच नव्हता

सिडनीच्या जॅक मंडीबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक एकाच साच्यातलं असतं. आधी कम्युनिस्ट युनियनवाला, मग झाडं आणि जुन्या इमारती वाचवणारा. जणू लाल सदरा उतरवून हिरवा चढवला. मला हे पटत नाही. या माणसाने सदरा बदललाच नव्हता.

१९२९ चा जन्म, क्वीन्सलँडमधल्या मलांडाचा. रग्बी खेळायला सिडनीत आला आणि पुढे बांधकामावर मजूर म्हणून लागला. १९६८ मध्ये बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन या बांधकाम मजुरांच्या युनियनच्या न्यू साउथ वेल्स शाखेचा सेक्रेटरी झाला. मजुरी, साइटवरची सुरक्षितता, १९७० चा मोठा संप. इथपर्यंत कुठल्याही लढाऊ युनियनवाल्याची गोष्ट.

१९७१ मध्ये हंटर्स हिल या सुखवस्तू उपनगरातल्या १३ बायका या मजुरांच्या युनियनकडे आल्या. नदीकाठी केलीज बुश नावाचं रान उरलं होतं, तिथे ए. व्ही. जेनिंग्ज कंपनीला घरं बांधायची होती. बायकांनी कौन्सिलपासून राज्याच्या प्रीमियरपर्यंत सगळीकडे खेटे घालून झाले होते. युनियनने त्यांना सांगितलं, आधी जाहीर सभा घ्या, लोकांना खरंच हवंय का ते दिसू द्या. सभेला ६०० च्या आसपास माणसं आली आणि युनियनने त्या कामावर बंदी घातली, म्हणजे आमचा मजूर तिथे हात लावणार नाही. कंपनी बिगर-युनियन मजूर आणायच्या गोष्टी करू लागली. तेव्हा तिच्याच नॉर्थ सिडनीतल्या अर्धवट इमारतीवरच्या मजुरांनी कळवलं: तिकडे एक झाड जरी पडलं, तरी ही इमारत कायमची अशीच राहील.

मला यातलं झाड महत्त्वाचं वाटत नाही, ती अर्धवट इमारत वाटते. अर्ज त्या बायकांनीही भरपूर केले होते. नकाराला वजन आलं ते काम ज्यांच्या हातात होतं त्यांनी तो दिला म्हणून. मजुराने मजुरीपुरतं बोलावं, काय बांधायचं ते मालक ठरवेल, हा नियम मंडीने मोडला. ही युनियनगिरीच आहे, तिच्या टोकापर्यंत नेलेली.

मग रांगच लागली. ऑपेरा हाउसजवळची वडाच्या जातीची झाडं, सेंटेनियल पार्क, वूलूमूलू आणि द रॉक्स या जुन्या वस्त्या. अशा चाळीसहून जास्त बंद्या, म्हणजे ‘ग्रीन बॅन’, आणि रहिवाशांनी मागितल्याशिवाय एकही नाही. (तेव्हा बांधकामाची तेजी होती, एक काम सोडलं तर दुसरं मिळायचं, हेही खरं. मंदी आल्यावर हीच बंदी जड गेली.) ऑक्टोबर १९७३ मध्ये द रॉक्समध्ये पोलिसांनी त्याला उचलून नेलं. त्याच वर्षी त्याने सेक्रेटरीपद सोडलं होतं, कारण पदावर ठरावीक मुदतीपलीकडे राहायचं नाही हा नियम त्याच्याच लोकांनी केला होता. असा नियम करणारे पुष्कळ भेटतात, पाळणारे क्वचित.

त्याला संपवलं ते बिल्डरांनी एकट्यांनी नाही. १९७५ मध्ये फेडरेशनच्याच, नॉर्म गॅलाघरच्या राष्ट्रीय नेतृत्वाने शाखा ताब्यात घेतली आणि मंडीला युनियनमधून काढलं. पुढे नगरसेवकपद, मग जुन्या वास्तू जपणाऱ्या हिस्टॉरिक हाउसेस ट्रस्टचं अध्यक्षपद. मानसन्मान आले, आणि त्याबरोबरच त्याला फक्त ‘वारसावाला’ म्हणायची सोय झाली.

पण द रॉक्समध्ये मुद्दा नुसत्या दगडी भिंतींचा नव्हता, तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कमी भाड्याच्या कुटुंबांचा होता. त्या लढ्यानंतर तिथल्याच लोकांसाठी १९८० मध्ये सिरियस नावाची सरकारी घरांची इमारत उभी राहिली, ७९ घरांची. २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा दर्जा नाकारला, तेव्हा बांधकाम मजुरांच्या आताच्या युनियनने पुन्हा बंदी घातली आणि ८६ वर्षांचा मंडी पुन्हा उभा राहिला. इमारत पाडली गेली नाही. २०१९ मध्ये ती १५ कोटी डॉलरला विकली गेली आणि तिथे महागडे फ्लॅट झाले. मंडी मे २०२० मध्ये गेला. सिरियसचं काँक्रीट आजही उभं आहे. ज्यांच्यासाठी ते ओतलं होतं, ते भाडेकरू विक्रीच्या आधीच हलवले गेले होते.